गेणबाचा पायगुण

निमगाव केतकीत कबड्डीचं वेड नसलेला माणूस शोधायला गेलात तर दमून जाल. आणि सगळ्यात जास्त वेड असलेला शोधायला गेलात, तर मॅच चालू असताना तो टीव्हीसमोर सापडायचा नाही. तो आपल्या पानमळ्यात, पांगाऱ्याच्या बुंध्याला पाठ लावून, गावाकडं कान टवकारून बसलेला असायचा. त्याचं नाव गेणबा. कैक वर्षांत त्यानं भीमथडी संघाची एकही मॅच डोळ्यांनी बघितली नव्हती, आणि तरी त्या संघावर त्याच्याइतका जीव टाकणारा दुसरा माणूस इंदापूर तालुक्यात नव्हता. हसू आलं तर हसून घ्या. गावही हसायचं.

भीमथडी म्हणजे टीव्हीवरच्या लीगमधला आपल्या भागाचा संघ. आता आपल्या भागाचा म्हणजे काय, तर नाव तेवढं आपलं. मालक शहरातला, खेळाडू कुणी हरियाणाचा, कुणी कोल्हापूरचा, सगळे लिलावात विकत घेतलेले. आज आपला म्हणून ज्याच्यासाठी घसा बसवायचा, तो पुढच्या वर्षी दुसऱ्याची बनियन घालून आपल्याच अंगावर चढाई करायचा. पण गेणबाला असले हिशेब कधी जमले नाहीत. नाव आपलं ना, मग संघ आपला, विषय संपला.

हे वेड त्याला लावलं इमामनं. इमाम आणि गेणबा शाळेपासूनचे जोडीदार. गेणबाचा दहा गुंठ्यांचा पानमळा, इमामचा रस्त्याकडेला पानांचा अड्डा. गेणबानं पानं खुडून डाग, म्हणजे पानांच्या करंड्या, भरून आणायचे, इमामनं ते टेम्पोत घालून बाजार गाठायचा. लीगच्या पहिल्या वर्षी इमामनं अड्ड्यावर मोठा टीव्ही आणला आणि पहिली मॅच लागली तेव्हा गेणबाला आपल्याशेजारी पानांच्या करंडीवर बसवलं. भीमथडी हरली. दुसऱ्या मॅचला हरली. तिसऱ्या मॅचला तर असं लोण चढलं की लोक शेवट न बघताच उठून गेले. चौथ्या मॅचच्या दिवशी गेणबाला मेव्हण्याकडं बारशाला जावं लागलं, आणि भीमथडी जिंकली.

दुसऱ्या दिवशी पानं निवडताना इमाम सगळ्यांसमोर म्हणाला, "गेणबा, ही सगळी तुझ्या पायगुणाची करणी हाय गड्या. तू असलास की हरत्यात. पुढल्या मॅचला तू आपला मळ्यात जाऊन बस."

अड्डाभर हशा झाला. गेणबाही हसला. पण गेणबाचा स्वभाव असा की लोकांबरोबर हसायचं आणि घरी जाऊन तीच गोष्ट खरी धरून बसायचं. पुढच्या मॅचला तो खरोखर मळ्यात जाऊन बसला. त्या मॅचलाही भीमथडी जिंकली. झालं. त्या दिवसापासून गेणबानं टीव्हीकडं पाठ केली ती केलीच. एसटीत कुणाच्या मोबाईलवर मॅच चालू असली तर हा खिडकीबाहेर तोंड करी. हॉटेलात टीव्ही दिसला तर अर्धा चहा टाकून उठे.

थट्टा करणाराला थट्टेचं ओझं नसतं, ते उचलणाराला असतं. इमामला दोन-चार दिवस मौज वाटली, महिन्याभरात वाईट वाटायला लागलं. "चल रं, बस की माझ्याजवळ," असं तो नंतर कितीतरी वेळा म्हणाला. गेणबा मान हलवायचा. "तुझी थट्टा आसंल, पर निकाल तर खरं लागल्यात न्हवं?"

मग इमामनं दुसरा मार्ग काढला. त्याच्या टेम्पोला हौसेनं बसवलेला एक भोंगा होता, रेडा हंबरल्यासारखा वाजायचा. भीमथडी जिंकली की इमाम टेम्पोत चढून मळ्याच्या दिशेनं तो भोंगा लांबच लांब वाजवायचा. मळ्यात गेणबा उठून नाचायचा, आणि नाचतच अड्ड्यावर यायचा. भोंगा वाजला नाही की समजायचं, हरली. मग गेणबा मळ्यातून परस्पर घरी जायचा आणि न जेवता झोपायचा. त्याची बायको भामाबाई कपाळाला हात लावायची. "त्या पोरांच्या आया तरी उपाशी झोपत असतील का वो?" गेणबा भिंतीकडं तोंड करायचा.

पण खरी मॅच व्हायची ती दुसऱ्या दिवशी सकाळी. ओल्या गोणपाटावर पानं पसरलेली, कळीची निवडक पानं एकीकडं, फापडा, म्हणजे जून पानं, एकीकडं, आणि मधल्या मोकळ्या जागेत इमाम. तो गेणबाला आख्खी मॅच करून दाखवायचा. स्वतःच चढाईला जायचा, स्वतःच पकड करायचा, स्वतःच पंच होऊन हात वर करायचा. "इंद्रजित आला बघ. साडेसहा फूट गडी. हात अस्सा लांबवला, हितनं थेट त्या करंडीपतूर! समोरचा कोपऱ्यातला म्हंजी निस्ता हत्ती, त्येनं घोटा धरला. पर इंद्रजित ऐकतोय व्हय? हत्तीला वढत आणला रेषेपतूर." साठी ओलांडलेला इमाम गोणपाटावर आडवा पडून रेषा शिवून दाखवायचा आणि गेणबाच्या हातातली पानं तशीच राहायची. भीमथडी हरलेली असली तरी इमाम ती अशी सांगायचा की हरण्यातही काही कमीपणा वाटू नये. गेणबाची कबड्डी ही अशी, सगळी इमामच्या तोंडातून आलेली. खरं सांगायचं तर टीव्हीपेक्षा ती चांगली होती.

संघाचं चाललं होतं पाळण्यासारखं. एका वर्षी उपांत्य फेरीपर्यंत गेला, गावानं फटाके आणून ठेवले, ते तसेच सादळले. पुढच्या वर्षी मालकानं चांगला कर्णधार सोडून दिला आणि संघ तळाला गेला. ओळीनं मॅचा हरू लागला तेव्हा गेणबाला वाटलं, आपण मळ्यात बसतो तेही फार जवळ होतंय. म्हणून तो लांब कालव्यावर जाऊन बसू लागला. तिथं भोंगा ऐकू येईना, तर इमाम बापडा टेम्पो घेऊन कालव्यापर्यंत यायचा आणि तिथं वाजवायचा. लोक म्हणायचे, दोघांनाही वेड लागलंय. लागलंच होतं. पण अशी वेडं माणसाला म्हातारपणी धरून ठेवतात, हे लोकांना कुठं ठाऊक!

मागल्या वर्षी पावसाळ्यानंतर इमामचं दुखणं निघालं. काळजाचं. बारामतीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, जड उचलायचं नाही, चढायचं नाही, ओरडायचं नाही म्हणून सांगितलं. टेम्पो आता त्याचा मुलगा सोहेल चालवायचा. सोहेल बारामती एमआयडीसीत दुधाच्या प्लँटवर कामाला होता, मोटारसायकलवर ये-जा करून उरल्या वेळात अड्डा बघायचा. इमामची बाज अड्ड्यात टीव्हीसमोर आली. सकाळची मॅच आता बसल्या बसल्या होऊ लागली. हात लांबवताना इमामला दम लागायचा, मग तो नुसत्या बोटांनी दाखवायचा. गेणबा म्हणायचा, "ऱ्हाऊ दे, समजलं मला." आणि मान खाली घालून पानं निवडायचा.

आणि नेमकी त्याच वर्षी भीमथडी अंतिम फेरीत गेली. लीग सुरू झाल्यापासून पहिल्यांदा.

अंतिम सामना रविवारी संध्याकाळी होता. दुपारी गेणबा पानं टाकायला आला तेव्हा इमामनं त्याला बाजेवर बसवून घेतलं.

"गेणबा, आज माझ्याशेजारी बस."

"इमाम, आज तर आजाबात न्हाय. फायनल हाय आज."

"फायनल हाय म्हणूनच म्हंतोय. पायगुण-बियगुण काय नसतंय लेका. मी त्या दिवशी गंमत केल्ती. किती बारी सांगू?"

"गंमत आसू दे. पर एवढी वर्सं पाळलं, आन् आज मोडू? हरली तर तुला काय वाटंल? तुझ्या काळजाला सोसंल का?"

इमाम हळूच म्हणाला, "हरली तर हरली. मला तू हवा हायेस."

हे वाक्य गेणबानं ऐकलं, पण त्याच्या कानाला ते उलटंच लागलं. त्याला वाटलं, हा माझ्यासाठी मन मारतोय. याच्या मनात जिंकायचंय. हा म्हणतोय तसं करून याला हरलेलं बघायला लावलं तर माझ्यासारखा पापी कोण? जवळ बसणं म्हणजे घात करणं आणि लांब राहणं म्हणजे माया, असं त्याच्या डोक्यात एकदा बसलं होतं. एवढा साधा माणूस आणि एवढा हट्टी, त्याच्यापुढं कुणाचं काय चालणार?

"मी मळ्यात बसतो. सोहेलला सांग भोंगा वाजवायला."

इमामनं तोंड फिरवलं. गेणबा दारात पोचल्यावर मात्र त्यानं हाक मारली. "जितली की आदी हितं ये. घरी न्हाय जायाचं, हितं यायाचं."

"येतो की," गेणबा म्हणाला.

दिवस मावळला. मळ्यात लवकर अंधार होतो, वेलांची दाटी असते. गेणबा पांगाऱ्याला टेकून बसला. गावातून एकदा आरडाओरडा ऐकू आला, मग सगळं शांत झालं, मग पुन्हा गलका. त्यानं ग्रामदैवताचं नाव घेतलं, पीरबाबाचं घेतलं, इंद्रजितच्या हातांचं घेतलं. त्याच्या मनात साडेसहा फुटी इंद्रजित हत्तीला ओढत होता.

आणि भोंगा वाजला.

लांबच लांब वाजला. थांबला, पुन्हा वाजला. थांबेचना. मॅच संपायला अजून वेळ आहे, हे एरवी गेणबाच्या लक्षात आलं असतं. इतक्या वर्षांत त्याला अंधारावरून वेळ कळायची. पण आनंदाच्या भरात वेळ कोण बघतो? तो उठला तो रस्त्याकडंच पळाला. टेम्पोचे दिवे गावातून येताना दिसले. भोंगा वाजवीतच टेम्पो येत होता. गेणबाला वाटलं, सोहेल विजयाची फेरी काढतोय. त्यानं डोक्याचं मुंडासं सोडलं, ते हवेत फिरवलं आणि रस्त्याच्या कडेला दिव्यांच्या उजेडात नाचू लागला. दोन्ही हात वर करून, एका पायावर, लग्नात नाचतात तसा. "जितली रं! आपली जितली!"

टेम्पो थांबला नाही. त्याच्या अंगावरून धूळ उडवत बारामतीच्या अंगाला गेला. गेणबानं त्यालाही हात हलवले.

मग शब्द दिल्याप्रमाणं तो अड्ड्याकडं निघाला. वाटेत कुणाच्या तरी दुकानातून पेढ्यांचा पुडा उधार घेतला. "इमाम! ये इमाम! लेका, जितलो की आपुन!" असं ओरडतच तो आत शिरला.

बाज रिकामी होती. चादर अर्धी जमिनीवर लोंबत होती. सोहेलची बायको अफशीन कोपऱ्यात फोन हातात घट्ट धरून उभी होती, डोळे रडून सुजलेले. टीव्ही चालूच होता.

"काका," ती म्हणाली, "अब्बांच्या छातीत कळ आली. यांनी टेम्पोत घातलं. बारामतीला नेलंय."

गेणबाच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. आपण कशापुढं नाचलो हे त्याला तेव्हा कळलं. तो मटकन करंडीवर बसला, त्याच करंडीवर, जिच्यावर तो पहिल्या वर्षी बसला होता.

"आन् मॅच?" त्यानं विचारलं. विचारताना त्याची त्यालाच लाज वाटली.

"चालू हाय अजून. मधल्या सुट्टीच्या टायमालाच कळ आली त्यांना. सहा गुणांनी मागं होती आपली."

गेणबानं सवयीनं टीव्हीकडं पाठ केली. अशा वेळीसुद्धा. भिंतीकडं तोंड करून तो बसून राहिला आणि पाठीमागं मॅच चालू राहिली. टीव्ही बंद करायचं दोघांनाही सुचलं नाही. फोन वाजत नव्हता. करण्यासारखं काही नव्हतं.

मग त्याच्या मनात आलं, इमाम उद्या दवाखान्यातून विचारील, मॅच कशी झाली? अर्धी मॅच त्यानं बघितलेलीच नाही. आता त्याला कोण करून दाखवणार? सोहेल टेम्पोत, अफशीनला कबड्डी कळत नाही. इतकी वर्षं त्यानं मला दाखवली. आता सांगायची पाळी माझी. आणि सांगायची तर बघायला हवी.

गेणबा वळला आणि त्यानं टीव्हीकडं बघितलं.

पहिल्यांदा त्याला कुणी ओळखूच आलं नाही. इंद्रजितचं नाव पाठीवर दिसलं तेव्हा तो चक्रावला. साडेसहा फूट कुठला, चांगला बुटका गडी होता, मिशीही धड न फुटलेला. समोरच्या कोपऱ्यातला हत्ती म्हणजे एक काटकुळा पोरगा. गेणबाला एकाच वेळी हसू आणि रडू आलं. इमामनं काय काय रचून सांगितलं होतं! पण तो डोळे फाडून बघत राहिला. कोण कुठून आला, कुणी कुणाचा घोटा धरला, कोण कसा निसटला, सगळं तो तोंडातल्या तोंडात म्हणून ठेवत होता, शाळेतलं पाठांतर करावं तसं. सहाचा फरक चारवर आला, चारचा एकावर आला. शेवटची चढाई. इंद्रजित गेला, एकाला शिवला, तिघांनी त्याला धरलं. तो त्यांना घेऊन रेषेकडं सरपटला. हात लांबवला. आणि रेषा वीतभर राहिली.

भीमथडी हरली.

समोरच्या संघाची पोरं एकमेकांच्या अंगावर पडत होती तेव्हाच अफशीनच्या हातातला फोन वाजला. तिनं कानाला लावला, काही ऐकलं आणि ती खालीच बसली. टेम्पोनं बारामतीअलीकडची पिंपळी ओलांडली, शहराचे दिवे दिसायला लागले, आणि तिथंच इमामनं मान टाकली होती.

दुसऱ्या दिवशी गेणबानं जनाज्याला खांदा दिला, कबरीत मूठभर माती टाकली आणि घरी येऊन जो बसला तो बसलाच. मळ्यात गेला नाही. खुडायला आलेली पानं वेलावरच राहिली. भामाबाई एरवी त्याला घालून-पाडून बोलायची, तिनं नुसतं ताट वाढून पुढं सरकवलं. रात्री तोच बोलला. "मी बगितलं म्हणून हरली. आन् तिकडं त्यो मरायला चाललाता, तवा मी रस्त्यावर नाचत हुतो. त्यानं बगितलं आसंल गं मला." एवढं बोलून तो लहान पोरासारखा रडला.

तिसऱ्या दिवशी कबरीवर फुलं वाहायच्या जियारतीला तो कबरस्तानात गेला खरा, पण सगळ्यांच्या मागं उभा राहिला. सोहेलच्या समोर जायचं त्याला धाडस होईना. माणसं पांगल्यावर सोहेलच त्याच्याजवळ आला.

"काका, तुमी घरी का येत न्हाय?"

गेणबा जमिनीकडं बघत राहिला. "कुठल्या तोंडानं येऊ बाबा? तुमी तसं चाललेले आन् मी..."

"तेच सांगायचंय तुमाला," सोहेल म्हणाला. "अब्बा माझ्या शेजारच्या सीटवर हुते. डोळे मिटून पडल्याले. मी वाट मोकळी करायला भोंगा वाजवीत हुतो. मळ्यापाशी आलो तवा त्यांनी डोळे उघाडले. दिव्याच्या उजेडात तुमी दिसला, मुंडासं फिरवत नाचताना. अब्बा हसले काका. म्हणाले, गेणबा नाचतोय, म्हंजी जितली आपली. मग पिंपळीपतूर माझा हात धरून तेच म्हणत हुते. जितलो सोहेल, जितलो आपुन."

गेणबानं वर बघितलं.

"मग तू सांगितलं न्हाईस? अजून मॅच चालू हाय म्हणून?"

"कसं सांगू काका?" सोहेल म्हणाला.

सोहेल घरी गेला. गेणबा मात्र कबरीपाशी राहिला. माती अजून ओली होती, वर कुणी फुलं टाकली होती. तो खाली बसला. मग त्यानं डोक्याचं मुंडासं काढून बाजूला ठेवलं आणि घसा साफ केला.

"इमाम, ऐक. सहा गुणांनी मागं हुतो आपुन. तुला तितपतूर म्हाईत हाय."

आणि त्यानं मॅच सांगायला घेतली. कोण कुठून आला, कुणी कुणाचा घोटा धरला, सगळं. पाठ केलेलं काही विसरला नव्हता. सांगता सांगता तो उठला, कबरींच्या मधल्या मोकळ्या जागेत चढाईला गेला, स्वतःच पकड केली, स्वतःच पंच होऊन हात वर केला. साडेसहा फुटी इंद्रजित त्यानं तसाच साडेसहा फुटी ठेवला. काटकुळ्या पोराचाही पुन्हा हत्ती केला. इमामच्या मॅचमधली माणसं त्याला लहान करवेनात.

सहाचा फरक चारवर आला, चारचा एकावर आला. शेवटची चढाई आली. गेणबा मातीत आडवा झाला. अंगावर तिघंजण असल्यासारखा सरपटत, धापा टाकत त्यानं हात पुढं केला. वीतभर राहिली होती. क्षणभर तो तसाच पडून राहिला, गाल मातीला टेकवून.

मग त्यानं हात आणखी लांबवला आणि रेषा शिवली.

"जितलो गड्या," तो म्हणाला.